त्यानंतर कोण होतं?

लहानपणी झालेल्या छळाबद्दल आपल्याकडे दोन टोकांची वाक्यं ऐकू येतात. 'मुलं विसरतात हो, त्यांना काय कळतंय,' हे एक. 'लहानपणी जे मोडलं ते कायमचं मोडलं,' हे दुसरं. मला दोन्ही घातक वाटतात. पहिल्यामुळे मूल एकटं पडतं आणि दुसऱ्यामुळे त्याच मुलाचा मोठेपणी झालेला माणूस. या दोन टोकांच्या मधली वाट शोधायची तर ती वादातूनच सापडेल, म्हणून हा संवाद लिहिला. यातली भाची पुण्याच्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिन विभागात डॉक्टर आहे आणि मामा सातारा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. दोघंही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र खरे आहेत. मामांच्या शंकांना मी मुद्दाम पूर्ण बळ दिलं आहे. त्या शंका टाळून या विषयावर बोलणं म्हणजे आधीच पटलेल्यांना पुन्हा पटवणं.

भाची : मामा, आमच्या ओपीडीत चाळिशी-पन्नाशीतली माणसं येतात. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पोट कायम बिघडलेलं, तंबाखू सुटता सुटत नाही. आम्ही तपासण्या करतो, गोळ्या बदलतो. पण 'तुमचं लहानपण कसं गेलं' हा प्रश्न केसपेपरवर कुठेच नसतो. तो असायला हवा, असं माझं ठाम मत झालंय.

मामा : अगं, प्रत्येक दुखण्याचं मूळ लहानपणात शोधायचं म्हटलं तर सगळ्या आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल. एखाद्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असेल, घरात आजारपण असेल. समोरचं सोडून तू तीस-चाळीस वर्षं मागे कशाला जातेस?

भाची : जायचं कुणाच्या मनात नव्हतं. अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिट्टी नावाचे डॉक्टर १९८० च्या दशकात वजन कमी करण्याचं केंद्र चालवत होते. त्यांना एक कोडं पडलं. केंद्र सोडून जाणाऱ्यांत अशी माणसं बरीच होती, ज्यांचं वजन चांगलं उतरत होतं. यश मिळत असताना माणूस पळून का जातो? त्यांनी एकेकाला बसवून सगळं आयुष्य विचारायला सुरुवात केली. तेव्हा एकापाठोपाठ एक जण लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलू लागला. डॉक्टर ज्याला आजार म्हणत होते, ते वजन कित्येकांना आधार वाटत होतं. आपल्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये, यासाठी शरीराभोवती घातलेलं कुंपणच ते.

मामा : एका दवाखान्यातल्या काही माणसांवरून जगाचा नियम होत नाही.

भाची : नाही होत. म्हणूनच त्यांनी रॉबर्ट आन्डा या साथरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन मोठी पाहणी केली. सतरा हजारांहून अधिक लोकांची. पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन, घरातला मानसिक आजार, घरातल्या कुणाला झालेला तुरुंगवास, असे तेव्हा सात प्रकार मोजले होते. पुढे त्यात हेळसांड आणि आईवडिलांची ताटातूट धरून दहा झाले. निम्म्याहून अधिक लोकांच्या वाट्याला यातलं किमान एक तरी आलेलं होतं. आणि ही झोपडपट्टीतली माणसं नव्हती. बहुतेक सगळे शिकलेले, आरोग्यविमा असलेले, मध्यमवर्गीय, गोरे अमेरिकन. सरासरी वय पन्नाशीच्या पुढचं.

मामा : आणि निघालं काय त्यातून?

भाची : पायऱ्या निघाल्या. जितके प्रकार अधिक, तितका पुढच्या आजारांचा धोका अधिक. चार किंवा त्याहून जास्त प्रकार सोसलेल्यांत, काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, दारूच्या व्यसनाचा धोका सुमारे सात पट आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा बारा पट. हे आपण समजू शकतो. पण हृदयविकार आणि पक्षाघात दुपटीहून अधिक, फुप्फुसांचे जुनाट आजार जवळजवळ चौपट. पन्नास वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात जे घडलं, त्याचा हृदयाच्या रक्तवाहिनीशी संबंध लागत होता.

मामा : त्यात गूढ काय? दुःखी माणूस विडी ओढतो, दारू पितो. विडीनं फुप्फुस जातं, दारूनं यकृत.

भाची : मोठा भाग तोच आहे, मान्य. म्हणून तर व्यसनी माणसाला 'मनाचा कच्चा' म्हणून हिणवू नका, असं मी सांगते. त्यानं स्वतःपुरतं औषध शोधलेलं असतं. विडीनं दोन मिनिटं धडधड थांबते. ते औषध पुढे जीव घेतं, ही गोष्ट वेगळी. पण सगळं विडीवर भागत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. त्यांतल्या ज्यांचा लहानपणी छळ झाला होता, त्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षीही दाह दाखवणारी प्रथिनं जास्त होती. इतर कारणं जमेस धरूनही हा फरक उरला.

मामा : दाह म्हणजे?

भाची : जखम झाली की शरीर लढायला उठतं. सूज येते, पांढऱ्या पेशी धावतात. जखम भरली की हे सगळं शांत व्हायला हवं. तणावाचंही तसंच आहे. संकट आलं की कॉर्टिसोल वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात आणि संकट टळलं की उतरतात. पण ज्या घरात बापाच्या चपलेचा आवाज ओळखून मूल रोज रात्री अंग चोरून घेतं, तिथे संकट टळतच नाही. रात्री माळ्यावर राखणीला बसलेल्या गड्याला पीक घरी गेल्याचं कुणी सांगितलंच नाही, तर तो जसा पानाच्या सळसळीलाही गोफण उचलत राहील, तसं ते शरीर पुढची कित्येक वर्षं जागं राहतं. झोप बिघडते, रक्तदाब वाढतो, शाळेत लक्ष लागत नाही, क्षुल्लक कारणावरून हात उठतो.

मामा : हे पटतं मला. वर्गात अशी पोरं पाहिली आहेत. पाठीवर थाप मारायला हात वर केला तरी दचकून डोकं झाकणारी. पण तुला माझी अडचण सांगतो. तू म्हणतेस ती पाहणी पन्नाशीतल्या माणसांच्या आठवणींवर उभी आहे. आठवणीवर किती विसंबायचं? आज आयुष्य फसलेलं असेल तर माणूस मागचंही काळंच रंगवतो.

भाची : हा आक्षेप खरा आहे आणि संशोधकांनीही तो गंभीरपणे घेतला. लहानपणीच नोंद झालेला छळ आणि मोठेपणी त्याच माणसानं सांगितलेला छळ, यांची तुलना करणारे सोळा अभ्यास २०१९ मध्ये एकत्र तपासले गेले. ज्यांच्या छळाची नोंद होती, त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी मोठेपणी तो सांगितलाच नाही. आणि ज्यांनी सांगितला, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांची लहानपणी तशी नोंद नव्हती.

मामा : म्हणजे माझंच खरं.

भाची : अर्धं. नोंद नसणं म्हणजे घटना नसणं नव्हे. आपल्याकडे घरातल्या घरात जे होतं त्याची नोंद कोण करतं? पण दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. २०२० मध्ये आंद्रेआ दानेसे आणि कॅथी स्पॅट्झ विडम या संशोधकांनी दाखवलं की, नैराश्य किंवा चिंतेचा विकार होण्याशी कोर्टातल्या नोंदीपेक्षा माणसाच्या स्वतःच्या सांगण्याचा संबंध जास्त आहे. जे घडलं त्याइतकंच, ते मनात कोणत्या रूपात राहिलं याला वजन आहे.

मामा : मग यातून मला तर आशाच दिसते. मनात ते ज्या रूपात राहतं, ते रूप बदलता येत असणार. आणि म्हणूनच छळाचे प्रकार मोजून काढलेल्या तुमच्या गुणांकाची मला भीती वाटते. उद्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर कुणीतरी लिहील, 'या मुलाचे छळाचे गुण सहा.' मास्तर त्याच्याकडे त्याच नजरेनं बघणार. गावात एकदा शिक्का बसला की तो लग्नाच्या बोलणीपर्यंत पाठ सोडत नाही.

भाची : ती भीती आन्डांनाही वाटली. ज्यांनी ही मोजणी उभी केली, त्यांनीच २०२० मध्ये लिहिलं की, हा आकडा समूहासाठी आहे, एका माणसाचं भविष्य सांगायला तो वापरू नका. एकाला चार गुण म्हणजे चार प्रकार, पण अधूनमधून आणि सौम्य, असू शकतात, दुसऱ्याला एकच गुण म्हणजे सहा वर्षं चाललेला अत्याचार. वय धरलेलं नाही, तीव्रता धरलेली नाही.

मामा : तेच म्हणतोय मी. विडमबाईंचं नाव घेतलंस ना? त्यांचा १९८९ चा जुना लेख आमच्या प्रशिक्षणात एका वक्त्यानं सांगितला होता, 'मार खाणारा पुढे मारणारा होतो' म्हणून. मी आकडे विचारले. छळ झालेल्या मुलांपैकी २६ टक्के मुलं अल्पवयात पोलिसांच्या हाती लागली, इतर मुलांपैकी १७ टक्के. फरक आहे, नाकारत नाही. पण म्हणजे छळ सोसलेल्या शंभरातली चौऱ्याहत्तर मुलं त्या वाटेला गेलीच नाहीत! त्यांच्याबद्दल कुणी व्याख्यान देत नाही.

भाची : खरंय, आणि अशी मुलं का वाचतात, याचाही अभ्यास झालाय. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, भांडणं, दारू, आईचा मानसिक आजार अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी तिसरा हिस्सा धडधाकट, कामसू, माया करणारी माणसं झाली. या मुलांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचं माणूस होतं. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक.

मामा : बघ, शिक्षक!

भाची : त्याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. राहिलेल्या मुलांपैकी जी किशोरवयात घसरली होती, त्यांतली बहुतेक तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कुणाला पुन्हा शिक्षण मिळालं, कुणाला सैन्यातली नोकरी, कुणाला समंजस जोडीदार. दार अठराव्या वर्षी बंद झालं नव्हतं.

मामा : मग झालं तर! माणूस उभा राहतो. 'श्यामची आई' पुस्तकातल्या आईनंही शिंपटी उचलली होती आणि त्या मारातून श्याम पोहायला शिकला. तू आणि तुझे अभ्यास त्या आईलाही छळणारी ठरवणार का?

भाची : नाही ठरवणार. पण ती गोष्ट आपण अर्धीच सांगतो. शिंपटी सगळ्यांच्या लक्षात राहते. नंतर त्याच आईनं मुलाला जवळ घेऊन आपण असं का केलं ते समजावलं, हे सोयीनं गळतं. त्या मुलाला आपल्यावर कुणाचं प्रेम आहे याची एका क्षणासाठीही शंका नव्हती. रोज रात्री दारूच्या वासासह येणाऱ्या पट्ट्याची आणि त्या शिंपटीची बरोबरी होत नाही. आणि एका आईच्या मायेचा दाखला देऊन पन्नास मुलांच्या वर्गात छडी चालवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केलेत. त्याआधी दोनच वर्षं, २००७ मध्ये, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं महाराष्ट्रासह तेरा राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. तीनपैकी दोन मुलांनी मार सोसला होता. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, मुलींनी आणि मुलग्यांनीही. आणि त्यातल्या बहुतेकांनी तोवर तो कुणालाच सांगितला नव्हता.

मामा : मुलगेही?

भाची : मुलगेही. 'पोरगा आहे, त्याला काय होतंय' या एका वाक्यात ते गाडले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. तो संताप रास्त होता. पण बहुतेक अत्याचार ओळखीच्या, विश्वासातल्या माणसाकडून होतात. घरातल्या काकासाठी, शिकवणीच्या सरांसाठी कोण रुळावर उतरणार? तिथे उलट त्या मुलालाच सांगितलं जातं, 'गप्प बस, घराण्याचं नाव जाईल.' मामा, तुम्ही म्हणता तसा माणूस उभा राहतो. पण काउआईतली मुलं एकटी उभी राहिली नाहीत. तुमचा शब्द 'सोसणं' आहे. अभ्यास सांगतात तो शब्द 'साथ' आहे.

मामा : आता माझा शेवटचा आणि खरा आक्षेप. मूल माझ्याजवळ येऊन बोललं. मग? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं मला कळवावंच लागतं, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. मी कळवलं, कमावता बाप आत गेला, घर रस्त्यावर आलं आणि सगळं गाव त्या पोरीकडे बोट दाखवू लागलं. तिच्या जखमेत मी भरच घातली ना? आणि तुझ्या ओपीडीत चार मिनिटांत एक पेशंट. 'लहानपण कसं गेलं' विचारून बाई रडायला लागली की तू काय करणार? पुढचा नंबर पुकारणार?

भाची : याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. कायदा एकटा पुरत नाही, हे खरं. पण त्यातल्या तरतुदी तरी पूर्ण वापरल्या जाव्यात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. मुलाला आधार देणारी व्यक्ती नेमता येते. हे सगळं झालं तर तक्रारीनंतरचा छळ कमी होतो. बऱ्याच ठिकाणी होत नाही, म्हणून कायदा नको असं म्हणायचं, की तो नीट चालवा असं?

मामा : नीट चालवा, असंच. पण ओपीडीचं बोल.

भाची : तिथे मी एक पाऊल मागे येते. पुढे कुठे पाठवायचं याची सोय नसताना, सगळ्यांदेखत, घाईत हा प्रश्न विचारणं हा दुसरा आघात ठरेल. समुपदेशक असेल, दार बंद करता येत असेल, तिथेच विचारावं. आणि 'सांगायचं नसेल तरी चालेल' हे आधी सांगून. उपचार आहेत, मामा. आघातावर नेमकं काम करणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत, त्यांतल्या काही बारा-सोळा बैठकांत मुलांना बरंच मोकळं करतात. १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. 'आता काय उपयोग' म्हणत पन्नाशीतला माणूस बसून राहतो, तेवढं तरी थांबावं.

मामा : आणि जितकं लवकर तितकं बरं, असंच ना?

भाची : हो. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या १३६ बाळांवर झालेला अभ्यास आहे. तिथे खायला होतं, पण एकाच माणसाचा सततचा हात नव्हता. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं पालक कुटुंबांत दिली गेली. पुढे त्यांची वाढ, भाषा, जवळीक सगळंच सुधारलं आणि दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांचं सर्वांत जास्त. पण उशीर झालेल्यांनाही काही बाबतींत फायदा झालाच. म्हणून मला माझं सगळं म्हणणं एका प्रश्नात मांडता येतं: घटना घडली, पण त्यानंतर कोण होतं? घडलेलं पुसता येत नाही. पण त्यानंतर मुलाशी कसं वागायचं, हे अजूनही आपल्या हातात असतं. धोक्याचे आकडे खरे आहेत ते ज्यांच्याजवळ कुणी नव्हतं त्यांच्यामुळे, आणि तुमचे उभे राहिलेले विद्यार्थीही खरे आहेत ते कुणीतरी होतं म्हणून.

मामा : मग शाळेत काय सांगायचं ते सांग. मुख्याध्यापकांशी मी बोलतो.

भाची : मूल बोललं तर मधे तोडू नका. 'खरं सांगतोयस ना' असं विचारू नका. 'यात तुझी चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस' एवढं नक्की म्हणा. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. तेच ते तपशील पाच जणांनी पाच वेळा विचारू नका. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला समोर बसवून शहानिशा तर मुळीच नको. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक वर्गात लिहून ठेवा. आणि बोलून झाल्यावर दुसऱ्या दिवशीही त्या मुलाची चौकशी करा. बहुतेक मोठी माणसं पहिल्या दिवशीच संपतात.

मामा : तुझा केसपेपरवरचा प्रश्न मला अजून पूर्ण पटलेला नाही. आकड्यांचा शिक्का मुलांवर बसू देणार नाही, यावरही मी ठाम आहे. पण तू सांगितलंस त्यावर शाळेत तास झालाच पाहिजे. फक्त एक कर. मुलांना चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवून सगळी राखण त्यांच्याच अंगावर टाकू नकोस. सात वर्षांचं पोर स्वतःचं रक्षण किती करणार? पहिला तास शिक्षकांचा ठेवू, दुसरा पालकांचा आणि मुलांचा तिसरा. मुलानं बोलायला शिकण्याआधी मोठ्यांनी ऐकायला शिकलेलं असलं पाहिजे.